मांजरपाटाच्या मागून पाहिलेली कुस्ती

माझे वडील आणि माझे सासरे तरुणपणी एकदा एकमेकांशी कुस्ती खेळले होते आणि ती बरोबरीत सुटली होती. एवढं एक वाक्य दोन्ही घरांना मान्य होतं. त्यापुढच्या कशावरही एकमत नव्हतं, आणि माझ्या संसाराची पहिली चार वर्षं त्या नसलेल्या एकमतात गेली.

माझं माहेर ताम्हिणीच्या अलीकडचं, डोंगरातलं, भात आणि नाचणीचं. सासर नांद्याचं. एका टोकाला मुसळधार पाऊस आणि दुसऱ्या टोकाला सपाट ज्वारीची रानं, पण तालुका एकच, मुळशी. त्या काळात दोन्हीकडच्या गावांत प्रत्येक घरात एखादा तरी पैलवान असायचा किंवा होऊन गेलेला असायचा. माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. आबांनी कुस्ती सोडली तेव्हा मी पाळण्यात होते. त्यामुळे मला त्यांच्या कुस्त्या ठाऊक होत्या त्या फक्त ऐकून. अर्थात त्या चालू असत्या तरी मी पाहिल्या नसत्याच, कारण कुस्त्यांच्या फडाकडं बाईमाणसानं फिरकायचं नाही अशी रीत होती. जत्रेला आम्ही बायका देवळापर्यंत जायचो, बांगड्या भरायचो, आणि फडातून हलगीचा आवाज आला की तिकडं पाठ करून घरी यायचो. बाप, भाऊ, नवरा मातीत काय करतो, ते तो घरी आल्यावर त्याच्या तोंडून जेवढं कळेल तेवढंच.

आबा नांद्याच्या पैलवानाबरोबरची कुस्ती फार रंगवून सांगायचे. "मी पट काढला," इथून त्यांची गोष्ट सुरू व्हायची. म्हणजे समोरच्याच्या पायात शिरून त्याला खाली घेतला. "खाली घातला, पाठीवर बसलो, आन मंग त्यो मातीला असा चिकटला, असा चिकटला, का पालथ्याचा उताना काय हुईना. दिवस बुडाला. पंचांनी दोगांचंबी हात वर केलं." मी विचारायची, "आबा, पट काढायच्या आधी काय झालं?" तर ते म्हणायचे, "पानी आन बरं जरा." मी पाणी आणायची, ते प्यायचे, आणि मग पुन्हा पटापासून सुरुवात. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. लहान मुलीला बाप पाठीवर बसला होता एवढं पुरे असतं.

मग त्याच नांद्याच्या पैलवानाच्या घरात मला दिली. हे कसं जुळलं ते मला कुणी सांगितलं नाही, मुलीला सांगायची पद्धतही नव्हती. मी सासरी आले तर तिथं त्या कुस्तीचा निराळाच अवतार नांदत होता. गावातले लोक म्हणायचे, आमचा गडी हरलाच नव्हता, ताम्हिणीकडच्याला आमच्या गड्याचं काही करता आलं नाही. कुणी म्हणायचं, तो पळपुटा. माझ्यासमोर म्हणायचे, हसत म्हणायचे, नव्या सुनेला चिडवायचं म्हणून. आणि मी चिडायची. माझा स्वभाव तेव्हा तव्यावरच्या पाण्यासारखा होता, आता वयानं थोडा निवलाय.

मामंजी मात्र, म्हणजे माझे सासरे, त्यातलं काहीच म्हणत नसत. ते मुळात कमी बोलायचे. माझ्याशी त्या विषयावर ते एकदाच बोलले होते, लग्नाच्या पहिल्या वर्षी. मी भाकरी वाढत होते. ते मान खाली घालून म्हणाले, "तुजा बा पट लई झ्याक काढायचा." मला तो टोमणा वाटला. मी भाकरी ताटात जरा जोरात टाकली.

त्यानंतर दोन वर्षांनी आबा गेले. शेवटच्या दुखण्यात मी आठ दिवस माहेरी होते. एका दुपारी आजूबाजूला कुणी नव्हतं तेव्हा ते मला म्हणाले, "ती कुस्ती. तुज्या सासऱ्याला इचार. त्यो सांगंल खरं काय ते."

मी ते एखाद्या हुकमासारखं ऐकलं. मला वाटलं, मरता मरताही माझा बाप म्हणतोय की मीच वरचढ होतो, जा, त्याच्या तोंडून कबूल करून घे. बारावं उरकून मी नांद्याला आले आणि डोक्यावरचा पदर सावरत मामंजींसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आबांनी इचारायला सांगितलंय. त्या कुस्तीत खरं काय झालतं?"

ते गोठ्यात म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होते. हात थांबला. मग म्हणाले, "जुनी गोष्ट हाय. बरोबरीत सुटली."

माझ्या मेलेल्या बापाची एवढी एक मागणी यांनी पुरी केली नाही. मी त्यांच्याशी अबोला धरला. पण त्या काळी सून तशीही सासऱ्याशी फारसं बोलत नसे, त्यामुळे माझा अबोला कुणाच्या लक्षातच आला नाही. सहा महिने मी एकटीच रुसलेली होते. शेवटी मला माझ्या नवऱ्याला मुद्दाम सांगावं लागलं की मी तुमच्या वडिलांशी बोलत नाही. ते म्हणाले, "मंग आधी कवा बोलत हुतीस?" असा तो अबोला, पण मी तो नेटानं दोन वर्षं चालवला.

पुण्यात पूर आला त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या शाळेत एक नवे गुरुजी आले होते. मूळचे पुण्याचे, बारीक अंगाचे, जन्मात मातीत उतरले नसतील, पण कुस्तीचं वेड जबर. त्यांच्या ओळखीच्या एका फोटोवाल्याचं दुकान पुरात गेलं होतं. माळ्यावर काही जुने डबे राहिले होते, ते तेवढे वाचले. त्यातल्या एका डब्यात आमच्याच तालुक्यातल्या जत्रेच्या कुस्त्यांची फिल्म निघाली, वीस-बावीस वर्षांपूर्वीची. त्या वेळी धरणावर नोकरीला असलेल्या कुणा हौशी साहेबानं ती काढली होती म्हणे. चार कुस्त्या होत्या, प्रत्येकीचे तीन-चार मिनिटांचे तुकडे. आणि चौथी कुस्ती, गुरुजींनी चावडीवर जाहीर केलं, आपल्या गावचा पैलवान विरुद्ध ताम्हिणीकडचा.

गुरुजींच्या डोक्यात एक योजना होती. त्यांनी एका कागदावर तक्ता आखला होता. चढाई, बचाव, दमसास, डावांची सफाई असे रकाने, आणि शाळेतल्या पोरांना देतात तसे प्रत्येक पैलवानाला गुण. त्यांचं म्हणणं, आपल्याकडं पैलवानांच्या नुसत्या गप्पा असतात, ज्याचा त्याचा गडी मोठा. आता डोळ्यांनी दिसणारा पुरावा हाताशी आलाय, तर तालुक्यातले जुने मल्ल खरोखर कोणत्या दर्जाचे होते ते एकदा ठरवून टाकू. म्हाताऱ्या पैलवानांना हे फारसं रुचलं नाही. त्यांच्यातला एक म्हणाला, "मी आयुष्यभर खेळलो आन ह्यो मला तीन मिंटात पास-नापास करनार व्हय?" पण फिल्म बघायची हौस सगळ्यांनाच होती.

मला हौस नव्हती, मला भूक होती. आबांचा एक फोटोसुद्धा आमच्याकडं नव्हता. मला ते तरणे, मातीत उभे असलेले दिसणार होते. आणि दुसरं, खरं सांगायचं तर पहिलं, मामंजी खाली आणि आबा वर हे अख्ख्या नांद्याच्या डोळ्यांसमोर दिसणार होतं. जे त्यांनी तोंडानं सांगितलं नाही ते फिल्म सांगणार होती. तो आठवडा मी भाकऱ्या जळू दिल्या आणि दुधं उतू घालवली.

गुरुजींनी शाळेच्या मैदानात दोन वासे रोवून त्यांना मांजरपाटाचं पांढरं कापड ताणून बांधलं. भाड्यानं आणलेलं मशीन एका बाकावर ठेवलं. दिवेलागणीच्या आधीच पुरुषांनी मैदान भरून टाकलं. आम्ही बायका चुलीपुढचं आवरून निघालो तेव्हा पुढं पाय ठेवायला जागा नव्हती. मग गुरुजींनीच सुचवलं की बायकांनी कापडाच्या पलीकडं, शाळेच्या ओट्यावर बसावं. कापड पातळ आहे, चित्र दोन्हीकडून सारखंच दिसतं. आम्हाला ते बरंच वाटलं. पुरुषांच्या नजरेआड, पदर जरा सैल सोडून बसता आलं. असे आमच्या गावातल्या बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा कुस्तीचा फड पाहिला, तोही मागच्या बाजूनं.

माझ्या शेजारी आत्याबाई बसल्या होत्या, माझ्या सासूबाई. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती आणि त्यांनीही नवऱ्याची एकही कुस्ती पाहिली नव्हती. त्या सारख्या मला विचारत होत्या, "आगं, पर वळकायचं कसं?" कारण जोड लावताना पंच सारख्याच अंगाचे गडी निवडतात. दोघांचीही डोकी भादरलेली, दोघांच्याही मिशा, अंगावर लंगोट आणि माती. आणि फिल्म अशी की पुराच्या ओलीनं तिच्यावर ढग उठलेले.

पण ओळखायची खूण आम्हा दोघींकडंही होती. दोघेही पैलवान दंडाला काळ्या दोऱ्यात चांदीचा तायत बांधायचे. आबांचा डाव्या दंडावर. चंपाषष्ठीला त्याचा दोरा बदलायचं काम लहानपणापासून माझं होतं, त्यामुळे झोपेतही मला ते सांगता आलं असतं. मामंजींचा उजव्या दंडावर, आणि त्याचा दोरा आत्याबाई बदलायच्या. "म्हंजे डाव्याचा तुजा, उजव्याचा माजा," आत्याबाई म्हणाल्या. अशी आम्ही वाटणी करून घेतली.

पहिल्या तीन कुस्त्या कशा झाल्या ते मला आज आठवत नाही. सगळे लोक मुंग्यांसारखे भराभर हलत होते आणि हलगीवाल्याचे हात दिसतच नव्हते, एवढंच लक्षात आहे. मग चौथी सुरू झाली. आखाड्यात दोन गडी आले. मी तायत शोधला. डाव्या दंडावर पांढरा ठिपका. "ते आबा," मी म्हटलं. माझ्यापेक्षा फार मोठे नव्हते ते तिथं. छाती रुंद, चालणं शांत. आत्याबाईंनी उजवा दंड शोधला आणि पदर तोंडाशी नेला. "आगं बया, ह्ये एवढं देखनं हुतं व्हय!" त्या म्हणाल्या, आणि मागच्या बायका खिदळल्या.

दोघं भिडले. मानेला मान, हाताला हात. मग एक गोष्ट झाली. उजव्या तायताच्या गड्याच्या लंगोटाचं मागचं टोक सुटलं. ओट्यावर बायकांमध्ये एकच गोंधळ, कुणी डोळे झाकले, कुणी झाकल्यासारखं केलं. त्या क्षणी त्याचे दोन्ही हात लंगोटाकडं गेले होते आणि तो नुसता उभा होता. त्याला एक धक्का दिला असता तरी तो पडला असता. आणि डाव्या तायताचा गडी मागं सरला. नुसता मागं सरला नाही, त्यानं तोंड वळवलं. पाठ करून उभा राहिला, खाली वाकून हाताला माती लावत, समोरच्याचं आवरेपर्यंत.

मी आत्याबाईंचं मनगट धरलं. "बघा," मी म्हटलं, "बघा माझा बाप."

पुढचं फार भराभर झालं. लंगोट आवरून होताच, पुन्हा हातात हात द्यायच्या आधीच, उजव्या तायताचा गडी खाली वाकला आणि पाठमोऱ्या माणसाच्या पायात शिरला. हातात हात दिल्याशिवाय कुस्ती पुन्हा सुरू होत नाही, हे आबांच्या गोष्टींमुळं मलाही माहीत होतं. डाव्या तायताचा गडी तोंडावर आपटला. दुसरा त्याच्या पाठीवर बसला. खालचा मातीला चिकटून राहिला, हात पसरून, मान आत ओढून. वरच्यानं काय काय केलं, पण तो उलटला नाही. मग मध्येच माणसं आखाड्यात आली, दोघांचे हात वर झाले, आणि कापड पांढरं झालं.

माझ्या अंगाचा भडका उडाला होता. खाली आबा होते, वर मामंजी, म्हणजे आबांची गोष्ट खोटी होती. पण तिचं मला काहीच वाटलं नाही, कारण त्यांनी लपवलं होतं ते हरणं नव्हतं, स्वतःचा मोठेपणा होता. माझ्या बापानं शत्रूची लाज राखली आणि त्याच शत्रूनं त्याच्या पाठीत वार केला. म्हणून हा माणूस गोठ्यात मला उत्तर देत नव्हता! आता सगळं लख्ख कळलं होतं.

आत्याबाई रस्ताभर माझ्या पुढं झपाझपा चालत होत्या. घरी आल्यावर मी ताटं घेतली, मामंजी आणि हे पाटावर बसले, आणि आत्याबाईंनी तोंड सोडलं. "लाज न्हाई वाटली व्हय? गडी तुमच्याकडं पाट करून हुबा, तुमची अब्रू झाकावी म्हनून, आन तुमी त्याच्या पायात शिरता? मी आजवर लोकांना सांगत आले, आमचं मालक लई सरळ म्हनून!"

मामंजींचा हात भाकरीवर थांबला. त्यांनी आत्याबाईंकडं पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता कुठं तोंड लपवणार. माझा नवरा घास तोंडात असतानाच म्हणाला, "आगं आये, काय बोलतीयास? त्यो तर..."

"गप जेव," मामंजी म्हणाले.

"पर बा, ही..."

"गप जेव म्हनलं ना."

आत्याबाई जेवण होईपर्यंत बोलत होत्या. मामंजींनी मान वर केली नाही. शेवटी हात धुताना एवढंच म्हणाले, "चुकलं." मी त्या दिवशी फार समाधानानं जेवले.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर मी काही मागं ठेवलं नाही. काल ओट्यावर बसलेल्या बायका माझ्याच बाजूच्या होत्या. पण एक जण, जिचा नवरा तालमीत जायचा, ती घागर घासता घासता म्हणाली, "आमच्याकडचं तर उलटंच सांगत्यात. म्हनत्यात, लंगोट ताम्हिनीवाल्याचा सुटला आन आपला म्हातारा मागं सरला."

मी तिला नाही नाही ते बोलले. आपल्या गड्याची बाजू घ्यायला पुरुष डोळ्यांदेखत खोटं बोलतात, असं म्हटलं. घागर तशीच टाकून घरी आले आणि नवऱ्याला उभ्या उभ्या विचारलं, काल आबांचा तायत कोणत्या दंडावर दिसला? ते म्हणाले, "डाव्या." मी म्हटलं, बरोबर. "आन लंगोट कुणाचा सुटला?" ते जरा घुटमळले, अंगणाकडं पाहून घेतलं, मग म्हणाले, "तुज्या आबांचाच की. त्या डाव्या तायतवाल्याचा."

मी त्यांच्याशी भांडायचंही विसरले. तशीच शाळेकडं निघाले, गुरुजींनाच विचारायला. गुरुजी वर्गात होते. मैदानात कापड अजून वाशांना बांधलेलं होतं. मी पुरुषांच्या बाजूनं येत होते, आणि कापडाच्या खालच्या कोपऱ्यात गिरणीचा निळा शिक्का होता. चौथीपर्यंत शिकल्यामुळं दिसेल ते वाचायची मला खोड होती. मी तो वाचला, चार अक्षरं आणि खाली एक आकडा. मग मला आठवलं की काल ओट्यावर बसल्या बसल्या, फिल्म सुरू व्हायच्या आधी, मी हाच शिक्का वाचायचा प्रयत्न केला होता आणि तो वाचता आला नव्हता. मला वाटलं होतं, मोडी असेल. मी कापडाला वळसा घालून पलीकडं गेले. ओट्यावर, काल जिथं बसले होते तिथं बसले. शिक्का तोच होता. अक्षरं उलटी होती. डावीकडचं उजवीकडं गेलं होतं.

मी माझा डावा दंड धरला. मग उजवा धरला. वर्गात पोरं पाढे म्हणत होती.

काल रात्री मी ज्याला बाप म्हणून डोळे भरून पाहिलं होतं तो माझा सासरा होता. आणि आत्याबाईंना जो देखणा वाटला होता, ज्याच्यावर मी दात खाल्ले होते, तो माझा बाप होता. आबांची गोष्ट खोटी नव्हती, ते वरच होते. फक्त ती गोष्ट ते कायम पटापासून सुरू करायचे.

पोरं सुटल्यावर गुरुजी बाहेर आले आणि मला तिथं बसलेली पाहून दचकले. मी काय विचारायला आले होते ते आता उरलं नव्हतं, म्हणून मी त्यांच्या तक्त्याचं विचारलं. त्यांनी उत्साहानं दाखवला. आठ पैलवानांत माझ्या वडिलांचा नंबर पहिला होता. चढाईत, डावाच्या सफाईत त्यांना सगळ्यात जास्त गुण होते. "काय चपळाई हो, तो पट म्हणजे वीज!" गुरुजी म्हणाले. मामंजींचा नंबर शेवटचा होता. दमसासाचे थोडे गुण, बचावाचे थोडे, चढाई शून्य. खरंच होतं ते, त्या तीन मिनिटांत त्यांनी मागं सरणं आणि खाली पडून राहणं याशिवाय काही केलंच नव्हतं. मी विचारलं, ते पाठ करून उभे राहिले त्याचे किती? गुरुजींनी तक्त्यावर वरून खाली बोट फिरवलं आणि म्हणाले, "त्याचा रकाना नाही केला आपण."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पुढं मी स्वतःही पुष्कळ जुन्या कुस्त्यांचे तुकडे पाहिले, पुढच्या बाजूनं पाहिले, आणि मलाही त्यात डावच आधी दिसतात. आबांनी शेकड्यानं कुस्त्या केल्या असतील. त्यातल्या एका संध्याकाळचा एक वाईट क्षण पुरातून वाचला आणि बाकीच्या सगळ्या चांगल्या कुस्त्या कुणीच काढून ठेवल्या नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं. मामंजींच्या बाबतीत म्हणाल तर नशिबानं त्यांचं जे खरं होतं तेच नेमकं वाचलं होतं, आणि त्याला गुण मिळाले नव्हते.

मी घरी आले. मामंजी अंगणात दावं वळत बसले होते. आत्याबाई आतून अजूनही भांडी आपटत होत्या, काल रात्रीचा राग उतरला नव्हता. दोन वर्षांत मी त्या माणसासमोर आपणहून गेले नव्हते. गेले आणि उभी राहिले.

"मामंजी," मी म्हटलं, "कापड उलटं हुतं."

त्यांनी वर पाहिलं नाही. हात चालू होते.

"आमी मागनं बघितलं. मला वाटलं, मागं सरलं ते आबा."

"व्हय," ते म्हणाले. "ही बोलाय लागली तवाच कळलं मला."

"मंग चुकलं का म्हनला? सांगायचं न्हाई का, त्यो मी न्हवं म्हनून?"

"तू दारात हुबी हुतीस की."

"आन मी इचारलं तवा? गोठ्यात? आबांनी सांगून धाडलं हुतं मला."

आता त्यांनी दावं खाली ठेवलं. "बा मरून पंधरा दिस झालं न्हवतं तुजा," ते म्हणाले. "तवा सांगू तुला?"

मग ते आपणहून बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही क्वचितच.

"तुला मागायला आमी न्हाई आलतो. तुजा बा आलता हितं, ताम्हिनीपासनं चालत. ह्याच पायरीवर बसला. मी पानी दिलं तर घीना. म्हनला, लंगोट सुटला तवा तू मागं सरलास आन मी न्हाई थांबलो. एवढ्या वर्सांत कुनाला बोललो न्हाई, तुला बोलतुया. माजी पोर लगनाची हाय. तापट हाय, पर मनानं चांगली हाय. ती तुज्या घरात पडली तर मला घोर न्हाई. मी म्हनलं, दिली म्हन. मंग प्याला पानी."

मी मटकन पायरीवर बसले. चार वर्षं मी समजत होते की त्या कुस्तीचं वैर विसरून मला इथं दिलं. आबांनी मला त्या कुस्तीमुळंच इथं दिलं होतं. आणि "सासऱ्याला इचार" म्हणाले ते जिंकल्याची साक्ष काढायला नव्हे. जे त्यांना मला स्वतःच्या तोंडानं सांगवलं नाही, ते मला कळावं आणि चांगल्या माणसाच्या तोंडून कळावं, एवढंच त्यांना हवं होतं. मी रडले. आबा गेले तेव्हा रडले होते त्याहून जास्त रडले, आणि त्यात राग होता, लाज होती, आणि आबांबद्दल इतकी माया होती की मला ती आधी कधी जाणवलीच नव्हती. आतून आत्याबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "आता हिला काय बोलला?" मामंजी म्हणाले, "काय न्हाई," आणि पुन्हा बोलणी खाल्ली.

आत्याबाईंना मी खरं सांगितलं ते चार दिवसांनी, कारण मामंजी नको म्हणत होते. त्यांनी मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हंजे देखना तुजा बा हुता व्हय," आणि पदरात तोंड घालून अशा हसल्या की त्यांना ठसका लागला.

पण ते चार दिवसांनी. त्या दुपारी रडून झाल्यावर मी उठले, आत गेले, माठातलं पाणी तांब्यात ओतलं आणि बाहेर आले. ते पुन्हा दावं वळायला लागले होते. उजव्या दंडावरचा दोरा विटून पांढरा पडला होता.

"घ्या, आबा," मी म्हटलं, "पानी घ्या."

त्यांचे हात थांबले. त्यांनी तांब्या घेतला आणि सगळा प्यायला.